टॉम स्टॉपर्ड: आयुष्य, नाटकं आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टॉम स्टॉपर्ड कोण होते?

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या इंग्रजी रंगभूमीवरचे सर्वांत मोठे नाटककार कोण, असं विचारलं की हॅरॉल्ड पिंटर, कॅरिल चर्चिल आणि टॉम स्टॉपर्ड ही नावं हटकून येतात. स्टॉपर्ड यांचा जन्म 3 जुलै 1937 चा. इंग्लंडमधल्या डॉर्सेट इथल्या राहत्या घरी 29 नोव्हेंबर 2025 रोजी, 88 व्या वर्षी ते गेले. 'रोझेनक्रान्ट्झ अँड गिल्डनस्टर्न आर डेड', 'ट्रॅव्हेस्टीज', 'द रिअल थिंग', 'आर्केडिया', 'लिओपोल्डश्टाट' ही त्यांची गाजलेली नाटकं. नाटकाच्या वाटेला न जाणाऱ्यांनाही त्यांचं एक काम बहुधा माहीत असतं, ते म्हणजे 'शेक्सपियर इन लव्ह' या चित्रपटाची पटकथा.

ते जन्माने इंग्रज नव्हते म्हणतात, ते खरं का?

खरं आहे. त्यांचं मूळ नाव तोमाश स्ट्रॉयस्लर. जन्म तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातल्या झ्लिन या गावी. झ्लिन म्हणजे बाटाचं गाव. आपल्याकडे शाळेचे काळे बूट ज्यांचे घेतले जात, तीच बाटा कंपनी. अनेकांना ती भारतीयच वाटते, पण तिचं मूळ झ्लिनमध्ये. तोमाशचे वडील डॉ. ऑयगेन स्ट्रॉयस्लर हे कंपनीच्या इस्पितळात डॉक्टर होते. कुटुंब ज्यू होतं. मार्च 1939 मध्ये हिटलरचं सैन्य देशात घुसलं आणि इस्पितळाच्या प्रमुखांनी व कंपनीने ज्यू डॉक्टरांना परदेशातल्या शाखांकडे पाठवण्याची सोय केली. स्ट्रॉयस्लर कुटुंबाच्या वाट्याला सिंगापूर आलं. तोमाश तेव्हा दोन वर्षांचाही नव्हता.

1942 च्या सुरुवातीला जपानी सैन्य सिंगापूरच्या दाराशी आलं. आई मार्ता आणि पेत्र व तोमाश ही दोन मुलं आधीच्या जहाजाने निघाली. वडील मागे राहिले. नंतर ते ज्या जहाजाने निघाले ते जपान्यांनी बुडवलं. ते नेमके कसे गेले, हे कुटुंबाला कित्येक वर्षं कळलंच नाही. आई आणि मुलं ज्या जहाजात होती ते भारतात पोचलं.

म्हणजे त्यांचं बालपण भारतात गेलं?

साधारण चार वर्षं, 1942 ते 1946. आधी काही गावं बदलत ते दार्जिलिंगला स्थिरावले. आई तिथे बाटाचं दुकान सांभाळत होती आणि दोघे भाऊ माउंट हर्मन शाळेत शिकत होते. तोमाशचं इंग्रजी घडलं ते इथे, हिमालयाच्या कुशीतल्या एका अमेरिकी मिशनरी शाळेत. पुढे ज्याच्या इंग्रजीवर सगळं लंडन फिदा झालं, त्याची ही भाषा दार्जिलिंगची देणगी आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

वडील आता परत येणार नाहीत, हे त्यांना दार्जिलिंगमध्येच सांगण्यात आलं. ते ऐकून फारसं काही वाटलं नव्हतं, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलं आहे. वडिलांची आठवणच नव्हती. स्टॉपर्ड यांची नाटकं वाचताना ही रिकामी जागा मी कधी विसरत नाही.

मग 'स्टॉपर्ड' हे आडनाव कुठून आलं?

सावत्र वडिलांकडून. नोव्हेंबर 1945 मध्ये मार्ताबाईंनी कलकत्त्यात मेजर केनेथ स्टॉपर्ड या ब्रिटिश अधिकाऱ्याशी लग्न केलं आणि 1946 मध्ये सगळे इंग्लंडला गेले. आठ वर्षांचा तोमाश आता टॉम स्टॉपर्ड झाला आणि त्याने इंग्रज होणं मनापासून स्वीकारलं. क्रिकेट, नदीकाठची मासेमारी, इंग्रजी भाषा, कशाचाही परकेपणा त्याला वाटला नाही. आईनेही मागचं सगळं मिटवून टाकायचं ठरवलं होतं. घरात चेक भाषा बोलली जात नव्हती.

या आडनावाचा शेवट मात्र कडवट आहे. आई 1996 मध्ये गेली. त्यानंतर मेजरसाहेबांनी टॉमना पत्र लिहून 'स्टॉपर्ड' हे नाव वापरणं थांबवा, असं कळवलं. टॉमनी आपल्या ज्यू वारशाबद्दल उघडपणे बोलायला सुरुवात केली होती, ते त्यांना रुचलं नव्हतं. त्या वेळी या नावावर तीसेक वर्षांचं काम उभं होतं. नाव सोडणं आता व्यवहार्य नाही, एवढंच टॉमनी उत्तर दिलं.

त्यांचं शिक्षण किती झालं होतं?

शाळेपुरतं. यॉर्कशायरमधल्या पॉक्लिंग्टन शाळेतून ते सतराव्या वर्षी बाहेर पडले ते पुन्हा वर्गात बसले नाहीत. 1954 मध्ये ब्रिस्टलच्या 'वेस्टर्न डेली प्रेस'मध्ये वार्ताहर म्हणून लागले. पुढे दुसऱ्या एका दैनिकात गेले, नाट्यपरीक्षणं लिहू लागले. त्याच सुमारास ब्रिस्टल ओल्ड विक या नाट्यगृहात पीटर ओ'टूल हा तरुण नट गाजत होता. त्याची कामं बघता बघता आपणही नाटक लिहावं, ही ओढ लागली.

पुंजभौतिकी, तत्त्वज्ञान, लॅटिन कविता, रशियन क्रांतिकारक असे विषय रंगमंचावर आणणारा हा माणूस विद्यापीठाची पायरी चढला नव्हता. त्यांची पद्धत बातमीदाराची होती. एखाद्या विषयाने पछाडलं की पुस्तकांच्या राशी आणायच्या, जाणकारांना गाठायचं, महिनोन्‌महिने वाचायचं आणि मग लिहायला बसायचं.

'रोझेनक्रान्ट्झ अँड गिल्डनस्टर्न आर डेड' एवढं का गाजलं?

कल्पना ऐकताच झडप घालावी अशी आहे. शेक्सपियरच्या 'हॅम्लेट'मध्ये रोझेनक्रान्ट्झ आणि गिल्डनस्टर्न ही दोन दुय्यम पात्रं आहेत. हॅम्लेटचे हे जुने मित्र. राजा त्यांना हॅम्लेटवर पाळत ठेवायला बोलावतो. पुढे हॅम्लेटच्या मृत्यूचा हुकूम असलेलं पत्र घेऊन ते त्याच्याबरोबर इंग्लंडला निघतात. हॅम्लेट पत्र बदलतो आणि मरतात हे दोघं. मूळ नाटकात अखेरीस एक राजदूत येऊन एका ओळीत ही बातमी देतो आणि ज्याला ती सांगायची तो राजाच उरलेला नसतो.

स्टॉपर्डनी कॅमेरा फिरवावा तसं नाटक या दोघांकडे फिरवलं. हॅम्लेट, राजा, राणी मधेच येतात, शेक्सपियरचे संवाद म्हणतात आणि निघून जातात. हे दोघे मात्र तिथेच. आपल्याला इथे का बोलावलंय, काय करायचंय, आपल्यातला रोझेनक्रान्ट्झ कोण आणि गिल्डनस्टर्न कोण, यातलं काहीच त्यांना धड ठाऊक नाही.

पहिलाच प्रसंग बघा. दोघे नाणं उडवत बसलेत. छापा. पुन्हा छापा. पुन्हा छापा. ओळीने 92 वेळा छापा पडतो. रोझेनक्रान्ट्झ बिनघोर नाणी खिशात टाकतोय, गिल्डनस्टर्नला मात्र घाम फुटतोय. संभाव्यतेचे नियमच थांबले असतील तर आपण आहोत तरी कुठे? प्रेक्षक हसत असतो, पण या दोघांचं नशीब आधीच लिहून झालंय हे त्याला ठाऊक असतं. नाटकाच्या नावातच ते सांगितलंय. दुसऱ्याने लिहिलेल्या गोष्टीत अडकलेली, का मरतोय हेही न कळता मरणारी साधी माणसं: हे लिहिणाऱ्याचं स्वतःचं बालपण तीन देशांतल्या पळापळीत गेलं होतं. 1966 मध्ये हा संबंध कुणी जोडला नाही. खुद्द लेखकानेही नाही.

ऑगस्ट 1966 मध्ये एडिंबरा फ्रिंज महोत्सवात ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी ते एका छोट्या सभागृहात केलं. बहुतेकांनी नाक मुरडलं. 'ऑब्झर्व्हर'च्या रोनाल्ड ब्रायडन यांनी मात्र भरभरून लिहिलं. ते वाचून नॅशनल थिएटरचे साहित्य-सल्लागार केनेथ टायनन यांनी तातडीने संहिता मागवून घेतली. एप्रिल 1967 मध्ये नाटक लंडनला ओल्ड विकमध्ये उभं राहिलं आणि त्याच वर्षी ब्रॉडवेवरही. लंडनच्या पहिल्या प्रयोगाच्या वेळी नाटककार अजून तिशीतही पोचला नव्हता.

मूळ 'हॅम्लेट' वाचलं नसेल तर हे नाटक कळेल का?

कथानक माहीत असलं की पुरे. मराठी वाचकाला तर 'हॅम्लेट' परकं नाही. आगरकरांनी 'विकारविलसित' या नावाने ते 1883 मध्येच मराठीत आणलं होतं.

त्यांची नाटकं फार बौद्धिक, कोरडी असतात, असं का म्हटलं जातं?

सुरुवातीच्या नाटकांमुळे. 'जंपर्स' (1972) मध्ये तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि कसरतपटू एकत्र येतात. 'ट्रॅव्हेस्टीज' (1974) मध्ये पहिल्या महायुद्धाच्या काळात झुरिकमध्ये एकाच वेळी राहणारे जेम्स जॉयस, लेनिन आणि दादावादी (रूढ कला आणि तर्क झुगारणाऱ्या चळवळीतला) कवी त्रिस्तान त्झारा हे एका विसरभोळ्या म्हाताऱ्याच्या आठवणींत एकमेकांवर आदळतात. शब्दांची आतषबाजी इतकी की डोळे दिपतात. तेव्हा समीक्षक म्हणायचे, डोकं आहे, हृदय कुठाय? 1982 च्या 'द रिअल थिंग'ने, प्रेम आणि प्रतारणेच्या त्या नाटकाने, या आक्षेपाला बऱ्यापैकी गप्प केलं.

मला हा आक्षेप मुळातच पटत नाही. स्टॉपर्डच्या नाटकांत जवळजवळ प्रत्येक वेळी काहीतरी हरवलेलं असतं: एखादं हस्तलिखित, एखादं चित्र, एखादा माणूस, एखादं घर. सगळी बुद्धी त्या हरवलेल्याच्या मागे धावत असते. 'आर्केडिया' एकदा नीट वाचा, मग याला कोरडं म्हणता येतं का ते बघा.

'आर्केडिया'मध्ये असं काय आहे?

हे त्यांचं सर्वोत्तम नाटक, असं मानणाऱ्यांत मीही आहे. एप्रिल 1993 मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये ट्रेव्हर नन यांच्या दिग्दर्शनाखाली ते प्रथम झालं. स्थळ एकच, डर्बीशायरमधल्या सिडली पार्क या वाड्यातली एक खोली. काळ दोन, 1809 ते 1812 चा आणि आजचा. आजचे अभ्यासक जुनी पत्रं, हिशेबाच्या वह्या, बागेचे नकाशे चाळून तेव्हा काय घडलं ते शोधतात आणि पुढच्याच प्रसंगात खरं काय घडलं ते आपल्याला दिसतं. बर्नार्ड हा प्राध्यापक इंग्रज कवी लॉर्ड बायरनबद्दल छातीठोकपणे एक सिद्धांत मांडतो. तो किती चुकलाय हे फक्त प्रेक्षकाला माहीत असतं.

जुन्या काळात आहे थॉमसिना, तेरा वर्षांची, आणि तिचा तरुण शिक्षक सेप्टिमस. थॉमसिना त्याला विचारते: तांदळाच्या खिरीत जाम घालून ढवळलं की लाल रेघा पसरत जातात. मग उलट्या दिशेने ढवळलं तर जाम परत एकत्र का येत नाही? जेवणाच्या टेबलावरचा प्रश्न. पण न्यूटनच्या समीकरणांना काळ पुढे जातोय की मागे, याने फरक पडत नाही आणि खिरीला पडतो, हे त्या पोरीने हेरलंय. उष्णता एकाच दिशेने वाहते, विश्व हळूहळू निवत चाललंय, हा निष्कर्ष शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी ती गाठते. आणि तिच्या वहीत जी पुनरावृत्तीची समीकरणं आहेत, ती पुढे नेऊन बघायला संगणकच हवा. तो आजच्या काळातल्या व्हॅलेंटाइन या संशोधकाकडे आहे.

दुसरा एक प्रसंग मला अधिक जवळचा. अलेक्झांड्रियाचं ग्रंथालय जळालं, ग्रीकांची किती नाटकं गेली, या विचाराने थॉमसिना रडकुंडीला येते. सेप्टिमस तिला समजावतो: इस्किलसची सात नाटकं उरली, सोफोक्लिसची सात, युरिपिडीसची एकोणीस, ती मोजू या. आपण सगळे वाटसरू आहोत, हातातलं गळून पडतं ते मागून येणारा उचलतो, काहीच कायमचं हरवत नाही. किती दिलासा देणारं बोलणं! पण थॉमसिनाचं पुढे काय होतं ते कळल्यावर हा दिलासा टिकत नाही, आणि तो सेप्टिमसलाच सर्वांत आधी सोडून जातो. शेवटच्या प्रसंगात दोन्ही काळांतली माणसं एकाच खोलीत, एकाच टेबलाभोवती वावरतात, एकमेकांना न दिसता. नाटकाबाहेर, दुसऱ्या कुठल्याही माध्यमात, हे असं करता येणार नाही.

राजकारणावर त्यांनी लिहिलं का?

1977 नंतर बरंच. त्या वर्षी ते ॲम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेच्या प्रतिनिधीबरोबर मॉस्कोला गेले, नंतर प्रागला जाऊन नाटककार वात्स्लाव हावेल यांना भेटले. हावेल त्यांच्यापेक्षा जेमतेम नऊ महिन्यांनी मोठे. एक कम्युनिस्ट राजवटीत तुरुंगात जात होता, दुसरा लंडनमध्ये यशाच्या शिखरावर होता. आपण झ्लिनमध्येच राहिलो असतो तर काय झालं असतं, हा प्रश्न त्यांना तेव्हापासून सोडेना. 'प्रोफेशनल फाउल' हे दूरचित्रवाणी-नाटक त्यांनी हावेलना अर्पण केलं. 2006 च्या 'रॉक अँड रोल'मध्ये तो प्रश्न थेट प्रागमध्ये उभा केला.

याच काळातलं 'एव्हरी गुड बॉय डिझर्व्ह्ज फेवर' सहसा बघायला मिळत नाही, कारण त्याला रंगमंचावर पूर्ण वाद्यवृंद लागतो. संगीत आंद्रे प्रेविन यांचं. सोव्हिएत मनोरुग्णालयातल्या एका कोठडीत अलेक्झांडर इव्हानोव्ह नावाचे दोघेजण: एक राजकीय कैदी, दुसरा खरोखरचा रुग्ण. आपल्याकडे वाद्यवृंद आहे, हा त्याचा भ्रम. तो वाद्यवृंद प्रेक्षकाला मात्र समोर दिसतो, ऐकू येतो. शहाण्या माणसांना वेडे ठरवून डांबणाऱ्या राजवटीवर याहून नेमकं काही मी वाचलेलं नाही.

'इंडियन इंक' भारताबद्दल आहे का?

हो. आधी 1991 मध्ये 'इन द नेटिव्ह स्टेट' ही नभोनाटिका झाली, तिचंच 1995 मध्ये हे नाटक झालं. 1930 मध्ये फ्लोरा क्रू ही इंग्रज कवयित्री जुम्मापूर या कल्पित संस्थानात येते. नीरद दास हा चित्रकार तिचं चित्र काढतो. तो इंग्रजी कलेने भारावलेला, आणि तिचा हट्ट की तू तुझ्या पद्धतीने काढ. तो तिला रससिद्धान्त समजावून सांगतो, शृंगाररसाबद्दल बोलतो. पन्नासेक वर्षांनी नीरदचा मुलगा इंग्लंडमध्ये फ्लोराच्या बहिणीला भेटतो आणि दोघं मिळून मागचं जुळवू पाहतात. भारताचं चित्रण इथे गोड स्मृतिरंजनाकडे झुकतं, हे मान्य करायला हवं. पण नीरद आणि फ्लोरा यांचे संवाद फार सुंदर आहेत.

फ्लोराची भूमिका केली फेलिसिटी केंडल यांनी. त्यांचं बालपण भारतभर फिरणाऱ्या 'शेक्सपियराना' या आईवडिलांच्या नाटक कंपनीत गेलं. त्यांची थोरली बहीण जेनिफर, म्हणजे शशी कपूर यांच्या पत्नी. या दोघांनी 1978 मध्ये जुहूला पृथ्वी थिएटर उभं केलं, जिथे मुंबईतल्या मराठी रंगकर्मींच्याही पिढ्या वावरल्या.

चित्रपटांसाठी त्यांनी काय लिहिलं?

टेरी गिल्यम यांचा 'ब्राझिल' (सहलेखन), स्पीलबर्ग यांचा 'एम्पायर ऑफ द सन', 2012 चा 'ॲना करेनिना'. मार्क नॉर्मन यांच्याबरोबर लिहिलेल्या 'शेक्सपियर इन लव्ह'साठी ऑस्कर मिळालं. स्वतः दिग्दर्शित केलेला चित्रपट एकच, 'रोझेनक्रान्ट्झ', आणि त्याला 1990 मध्ये व्हेनिस महोत्सवात सुवर्णसिंह हा तिथला सर्वोच्च पुरस्कार मिळाला.

पुरस्कार आणि सन्मान?

सर्वोत्कृष्ट नाटकाचा टोनी पुरस्कार त्यांच्या नाटकांना पाच वेळा मिळाला, पहिला 1968 मध्ये आणि शेवटचा 2023 मध्ये. 1997 मध्ये 'सर' झाले, 2000 मध्ये 'ऑर्डर ऑफ मेरिट' मिळाली.

'लिओपोल्डश्टाट' ही त्यांची आत्मकथा आहे का?

सरळ आत्मकथा नाही, पण त्यांच्या आयुष्याचा गाभा याच नाटकात आहे. (लिओपोल्डश्टाट हे व्हिएन्नातल्या जुन्या ज्यू वस्तीचं नाव.) आपल्या कुळात काहीतरी ज्यू धागा आहे एवढंच आईकडून त्यांना मोघम कळलं होतं. 1990 च्या दशकात एक चेक नातेवाईक बाई त्यांना लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये भेटल्या. त्यांनी कागदावर वंशवृक्ष काढून दाखवला. चारही आजीआजोबा ज्यू होते आणि चौघेही नाझींच्या काळात मारले गेले. आईच्या तीन बहिणींचा शेवटही छळछावण्यांत झाला. स्टॉपर्ड तेव्हा पन्नाशी ओलांडून पुढे गेले होते.

त्यानंतर ते झ्लिनला गेले. तिथे एक वृद्ध बाई भेटल्या. लहानपणी काच लागून त्यांचा हात कापला होता आणि डॉ. स्ट्रॉयस्लरनी टाके घातले होते. बाईंनी हात पुढे केला. व्रण अजून होता. स्टॉपर्डनी त्याला स्पर्श केला. ज्या वडिलांची काही आठवण नाही, त्यांच्या हातचं एवढं एकच काम त्यांना कधी शिवता आलं.

वीसेक वर्षांनी, जानेवारी 2020 मध्ये, हे नाटक लंडनच्या विंडहॅम्स थिएटरात आलं. मार्चमध्ये कोविडमुळे बंद पडलं, नंतर पुन्हा सुरू झालं. व्हिएन्नातल्या मेर्ट्झ या सुखवस्तू ज्यू कुटुंबाची 1899 ते 1955 पर्यंतची ही गोष्ट. पहिल्या प्रसंगात घरात नाताळचं झाड सजतंय आणि एक पोरगं त्याच्या शेंड्यावर ज्यूंचा सहा टोकांचा तारा लावतं. मोठी माणसं हसतात. आजी फोटोंच्या अल्बममध्ये नावं लिहीत बसली आहे. फोटोतल्या माणसाचं नाव कुणालाच आठवेनासं झालं की तो त्याचा दुसरा मृत्यू, असं ती म्हणते.

शेवटच्या प्रसंगात उरलेत तिघे. ऑशविट्झमधून वाचलेला नेथन, अमेरिकेला गेलेली रोझा, आणि आठव्या वर्षी इंग्लंडला जाऊन पक्का इंग्रज झालेला, गमतीदार पुस्तकं लिहिणारा लिओ. त्याला मागचं काही आठवत नाही. हा लिओ म्हणजे स्टॉपर्डनी स्वतःवर चालवलेला खटला आहे. तुझी सावलीच मागे पडत नाही अशा थाटात तू जगलास, हे नेथनचं बोलणं लेखकाने स्वतःला ऐकवलेलं आहे. मग लिओच्या हातावरचा जुना व्रण निघतो. झ्लिनमधल्या बाईंचा तो व्रण लेखकाने स्वतःच्या प्रतिरूपाच्या हातावर आणला. आणि शेवटी वंशवृक्षावरचं एकेक नाव घेतलं जातं आणि पुढे एकेक ठिकाण सांगितलं जातं. या नाटककाराने आयुष्यभर वाक्यं झळाळत ठेवली. इथे फक्त नाव आणि ठिकाण, दुसरं काही नाही.

पहिल्या लंडन प्रयोगात त्यांचा अभिनेता मुलगा एड स्टॉपर्ड याने भूमिका केली होती.

मराठीत करायचं झालं, तर सुरुवात कुठून करावी?

एकांकिका करणाऱ्या गटांनी 'द रिअल इन्स्पेक्टर हाउंड' (1968) आधी वाचावं. रहस्यनाट्य बघायला बसलेले दोन समीक्षक हळूहळू त्या नाटकातच ओढले जातात. सेट एक, लांबी सव्वा तासाच्या आसपास, आणि रहस्यनाटकांवर वाढलेल्या आपल्या प्रेक्षकाला यातली प्रत्येक खोच कळेल. 'आर्केडिया'चं रूपांतर कोकणातल्या किंवा देशावरच्या वाड्यात करायचा मोह कुणालाही होईल, पण बायरन, इंग्रजी बागा आणि 1809 यांना उचलून दुसरीकडे ठेवलं की नाटकाचे सांधे निखळतात. ते डर्बीशायरमध्येच राहू द्यावं आणि भाषांतरावर घाम गाळावा. 'लिओपोल्डश्टाट'ला मोठा ताफा लागतो, लहान मुलंही हवीत, त्यामुळे मोठ्या नाट्यशाळेलाच ते झेपेल. कुठलंही नाटक घ्या, भाषांतर सुरू करण्याआधी हक्कांची परवानगी मागा. आणि तालमीला बसण्याआधी निदान दोनदा सगळ्यांनी मिळून मोठ्याने वाचा. पहिल्या वाचनात विनोद हाती लागतात, दुसऱ्यात काय हरवलंय ते.